ओला पडदा

मुंबईहून मालवणपर्यंत विमला सारंगने ती लाकडी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. बाकीचं सामान एस.टी.च्या टपावर बांधलं होतं. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बाई, वर टाका की," पण ती नुसती मान हलवत राहिली. पेटीत भुशात पुरून ठेवलेला एक चपटा डबा होता. त्यावर तिची चार वर्षं गेली होती.

मालवणच्या स्टँडवर दाजी बैलगाडी घेऊन उभा होता. दाजी तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. तरुणपणी परदेशी बोटींवर खलाशी होता, गुडघा मोडल्यावर देवबागला परतला आणि गेली दोन वर्षं प्रयोगशाळेच्या खोलीची राखण करत होता.

"ह्योच काय गो तुझो नवो पेटारो?" त्याने विचारलं.

"ह्योच."

"माका वाटलेला, मोठो असतलो."

विमला हसली. आदली रात्र जागून काढली होती, तरी हसली.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माडांची एक अरुंद पट्टी. पट्टीच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे पाण्याखाली वाळू सरकत असते. आज वाट इथून, तर महिन्याने तिथून. अंधार पडल्यावर आत शिरणाऱ्या होड्या त्या वाळूवर आपटून उलटायच्या. म्हणून गावाने पूर्वीपासून टोकावर रॉकेलचा मोठा कंदील ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या प्रयोगशाळेला आपलं हायड्रोजनवर चालणारं वीजयंत्र कुठेतरी खऱ्या कामाला लावून बघायचं होतं. तिथेच काम करणाऱ्या विमलाने आपल्या गावाचं नाव सुचवलं. विटांची एक खोली उभी राहिली, खोलीबाहेर सिलिंडर आले, वर खांबावर विजेचा दिवा लागला. तो इतका लख्ख होता की पहिल्या रात्री बायका पोरांना घेऊन नुसत्या बघायला आल्या होत्या. कंदील कुणीतरी उतरवून ठेवला. पुढे त्याची काच फुटली, ती कुणी बसवली नाही.

यंत्राचं मर्म एका पडद्यात होतं. कागदासारखा पातळ, पारदर्शक, अमेरिकेहून मागवलेला पडदा. त्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. पडदा ओला असेल तोवरच वीज बनायची. तो वाळला की वीज घटायची, फारच वाळला तर तडकायचा. सिलिंडरमधून येणारा वायू तर भट्टीतल्या हवेसारखा कोरडा. त्याला आत सोडण्याआधी ओलावा पाजायचा, हे विमलाचं काम. आधी ती वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांनी सोडायची. त्यासाठी कोल्हापूरहून शुद्ध पाण्याचे कॅन यायचे. कॅन कधी वेळेवर यायचे नाहीत, कधी फुटून यायचे, आणि बुडबुड्यांबरोबर थेंब आत गेले की यंत्र गुदमरायचं.

नव्या डब्यात बाटली नव्हती. वीज बनताना यंत्रात पाणीही बनतं आणि ते दुसऱ्या बाजूने ओलसर वाफाळ हवेबरोबर बाहेर पडतं. तीच हवा डब्यातून परत फिरवायची. डब्यात तसाच एक पडदा ताणून बसवलेला. त्याच्या एका बाजूने ती ओली हवा जाणार, दुसऱ्या बाजूने कोरडा हायड्रोजन. पडद्यातून फक्त ओलावा पलीकडे जायचा. यंत्राने आपलं पाणी आपणच प्यायचं. हे तिने दाजीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे कोल्हापूरचो हेलपाटो सुटलो!" आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला.

दाजी पुष्कळ प्रश्न विचारायचा. पडदा कसला, वीज कशी बनते, अमेरिकेत कोण बनवतो. विमला त्याला जमेल तसं सांगायची. एक गोष्ट मात्र तिने कधी सांगितली नव्हती. खोली बांधायच्या आधीच तिच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून बजावलं होतं, "गावात स्फोट वगैरे शब्द काढू नका. पंचायत जागा देणार नाही. सूचना फळ्यावर लिहून लावा, तेवढं पुरे." फळा लागला. 'दार व वरची झडप सदैव उघडी ठेवावी. बिडी ओढू नये.' दाजी दोन्ही पाळायचा. का, ते फळ्यावर नव्हतं.

डबा बसवला आणि तो चालला. पहिले काही दिवस विमला रोज संध्याकाळी दिव्याखाली उभी राहून विजेच्या मापाच्या काट्यांकडे बघत राहायची. प्रयोगशाळेत आला होता त्याहून चांगला आकडा इथे येत होता. हौसाबाई, दाजीची बायको, तिला तिथेच पेज आणून द्यायची. "खा गो, तुझो दिवो काय पळान जायत नाय," म्हणायची. ते दिवस चांगले होते.

मग वारा फिरला.

ऑक्टोबर संपत आला होता. आकाशवाणीवर वादळाची सूचना झाली तेव्हा गावच्या दोन होड्या दूर गेलेल्या होत्या. एक महादू तांडेलाची, दुसरी शिवाची. शिवा विमलाचा धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी नुसताच वारा होता. माडांची झावळं सळसळत होती आणि लाटांचे फवारे उडून खोलीच्या भिंतीपर्यंत येत होते. विमलाने ओठांवरून जीभ फिरवली तेव्हा मीठ लागलं.

तिने लगेच हवेच्या नळीकडे पाहिलं. पडद्याला मिठाचं वावडं. खारं पाणी लागलं की तो हळूहळू कडक होतो आणि ओलावा देईनासा होतो. म्हणून तिने हवा आत घेण्याच्या नळीवर मलमल आणि कापसाची गाळणी बसवली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाळणी फवाऱ्यांनी भिजून चिंब झाली. हवा आत जाईना. दिवा लावून बघितला तर लालसर, आजारी उजेड पडला.

नवी गाळणी बसवली, ती तासाभरात तशीच झाली. शेवटी विमलाने ती काढून टाकली. दिवा पुन्हा पांढरा झाला. ती नळीच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. खारी हवा सरळ आत जात होती.

"आता बरो लागता," दाजी म्हणाला.

"दोन दिवस लागला तरी पुरे, काका."

त्या रात्री होड्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला, आडवा, सुयांसारखा टोचणारा. तारकर्लीच्या रस्त्यावर माड पडले. मालवणहून ट्रकची बॅटरी आणायला दोघे गेले होते, ते अर्ध्यातून परत आले. कुणीतरी किनाऱ्यावर जाळ करून बघितला, लाकडं धुमसत राहिली. जुन्या कंदिलाला काचेऐवजी पत्रा लावून बघितला, वात टिकेना.

दुपार कलल्यावर विमलाने यंत्र चालू केलं. आकडा खाली. तिने नव्या डब्यावर हात ठेवला. एक कड नको तेवढी गरम लागली. तिने वाटीत साबण कालवला आणि डब्याच्या चौकटीच्या कडेकडेने फेस लावत गेली. तीन कडांवर फेस शांत बसला. चौथ्या कडेवर बारीक बारीक फुगे येऊ लागले.

आतला पडदा कडक होऊन चौकटीपाशी चिरला होता. हायड्रोजन गळत होता.

"ह्यो फेस कित्याक फुगता गो?" दाजीने वाकून विचारलं.

"वायच हवा जाता," ती म्हणाली. आणि मग, "दार उघडा ठेवा, काका. काय झाला तरी."

यंत्र त्याच क्षणी बंद करायला हवं होतं. हे तिला ठाऊक होतं, जसं तव्यावर हात ठेवू नये हे ठाऊक असतं. तिने वायूच्या चावीवर हात ठेवलादेखील. बाहेर पावसात गोणपाटं डोक्यावर घेऊन माणसं उभी होती. महादूची बायको जानकी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काही मागत नव्हती. नुसती खांबावरच्या दिव्याकडे बघत होती. विमलाची माई घरात देवापुढे बसून होती, शिवाचं नाव घेत. अंधारायला फार वेळ उरला नव्हता.

विमलाने चावी बंद करायच्या ऐवजी आणखी उघडली. जास्त वायू आत गेला, दिवा उजळला. किनाऱ्यावरून "इलो, उजवाड इलो!" असा गलका झाला.

तिने मनाशी हिशेब मांडला. वरची झडप उघडी आहे. दार उघडं आहे. वारा जोराचा आहे. गळलेला वायू उडून जाईल. होड्या आत आल्या की लगेच बंद करायचं. तो हिशेब चूक नव्हता. दार उघडं असेपर्यंत चूक नव्हता.

दिवेलागणीच्या सुमाराला आरडाओरडा झाला. लाटांमध्ये एक होडी दिसली होती. कधी दिसत होती, कधी नाही. "शिवाची काय महादूची?" कुणालाच सांगता येईना. विमलाचा पाय खोलीत ठरेना.

"जा तू," दाजी म्हणाला. "मी आसय हय."

"दार..."

"उघडा ठेवतंय. जा गो."

ती धावली. वाळू पायाखाली ओढली जात होती. माणसं कमरेएवढ्या पाण्यात साखळी करून उभी होती. होडी दिव्याच्या रोखाने वाट धरून आली, तोंडापाशी एका लाटेने तिला आडवी केली, आतले चौघे पाण्यात पडले. दोर फेकले गेले. एकेकाला ओढून वाळूवर आणलं. महादू तांडेल होता तो. जानकी त्याच्या पाठीवर बुक्के मारत होती आणि रडत होती. तो खोकत पाणी ओकत होता.

विमला त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. "शिवा खंय?"

महादूला बोलता येईना. तिने पुन्हा विचारलं. तेवढ्यात मागे उजेड झाला.

आवाज नंतर आला, असं तिला पुढे कायम वाटत राहिलं. आधी माणसांचे चेहरे पिवळे झाले, मग छाती दाबल्यासारखं झालं. वळून बघेपर्यंत खांबावरचा दिवा विझला होता आणि खोलीवर छप्पर नव्हतं.

काय झालं होतं ते नंतर जुळवून कळलं. पाऊस दारातून सरळ आत येऊन यंत्रावर पडत होता. दाजीने आधी गोणपाट धरला. मग यंत्र भिजतंय, पोरीची चार वर्षांची मेहनत भिजतेय, म्हणून त्याने दार लोटलं. झडपेवर बहुतेक वाऱ्याने आलेलं झावळ अडकलं होतं. थोड्या वेळाने दिवा मंदावला. दिवा मंदावला की तो भिंतीवरचं बटण खटकन बंद करून पुन्हा लावायचा. त्याची सवय होती ती. बटणाजवळच तो सापडला.

जिवंत होता. त्याला खाटेवर घालून सहा जणांनी मालवणच्या वाटेने उचललं. पडलेल्या माडांवरून खाट डोक्याएवढी वर धरत नेत होते. हौसाबाई खाटेचा खूर धरून चालत होती. विमला दुसऱ्या बाजूला. दाजी एकदाच बोलला. "होडी इली?"

"इली, काका."

"शिवाची?"

तिने खाटेची कड घट्ट धरली. "होय," म्हणाली.

तारकर्लीच्या अलीकडे हौसाबाईने खूर सोडला आणि रस्त्यातच बसली. तेव्हा उचलणाऱ्यांनाही कळलं.

शिवाची होडी वादळाच्या पहिल्याच दिवशी निवतीच्या बंदरात शिरली होती. तिथे चार दिवस तो आणि त्याचे साथीदार कुणाच्या तरी पडवीत पत्ते खेळत बसले होते. रस्ता मोकळा झाल्यावर चालत घरी आला. घरात शिरला तेव्हा माईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. विमला ओट्यावर बसली होती, ती उठली नाही. त्याला सगळं सांगितल्यावर तो तिच्याशेजारी ओट्यावर बसला. मग म्हणाला, "माझी कित्याक वाट बघलास तुम्ही?" पुन्हा दोघं त्याविषयी कधी बोलले नाहीत.

चौकशी ओरोसला झाली. नव्या कचेरीत अजून चुन्याचा वास होता. साहेब मुंबईहून आले होते. सुनावणीआधी त्यांनी विमलाला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"सूचना मराठीत लिहिलेली होती. त्याने दार बंद केलं. एवढंच सांगा. खोटं काहीच नाही त्यात."

"खोटं नाही," विमला म्हणाली.

"गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? तुमचं काम वाचेल. डबा चांगला आहे, विमलाबाई. पुढे देशाच्या उपयोगी पडणार आहे."

हौसाबाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसली होती, नवीन कोऱ्या पांढऱ्या लुगड्यात. ऐकू जात नव्हतं, पण ती इकडेच बघत होती.

आत अधिकाऱ्याने आधी महादूला बोलावलं. दिवा दिसला होता का, असं विचारलं. महादू टोपी हातात घेऊन उभा होता. "दिसलो म्हणानच इलंव, सायबा. नायतर वाट खंय ता कळला नसता." मग विमलाची पाळी आली. ती कचेरीच्या मराठीत, एका सुरात बोलली. मीठ लागल्याचं तिला कळलं होतं. पडदा चिरल्याचं तिने फेसावरून पाहिलं होतं. यंत्र दुपारीच थांबवायला हवं होतं, ते तिने थांबवलं नाही. दार उघडं ठेवायला सांगितलं, पण हा वायू साठला तर पेट घेतो हे रखवालदाराला तिने दोन वर्षांत सांगितलं नव्हतं.

"का सांगितलं नाही?" अधिकाऱ्याने विचारलं.

तिने साहेबांकडे पाहिलं. ते कागद सारखे करत होते. "घाबरतील म्हणून," ती म्हणाली. सांगू नका असं कोणी बजावलं ते विचारलं गेलं नाही, आणि तिनेही पुढे सांगितलं नाही. तिला वाटलं, तोंड आपलं होतं.

अहवालात शेवटी दोषी म्हणून दोघांची नावं आली, दाजीचं आणि तिचं. प्रकल्प बंद झाला. तिला नोकरीतून काढलं नाही, दुसऱ्या विभागात ग्रंथालयाच्या कामावर टाकलं. डब्याचे आराखडे साहेबांच्या कपाटात गेले. काही वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी तशाच डब्यावर निबंध वाचला, हवा गाळायची सोय सुधारून. विमला सभागृहात मागच्या रांगेत होती. डबा चालणार, हे तिला पहिल्या आकृतीवरूनच कळलं.

पण त्याच्या आधी, वर्षश्राद्धाला ती देवबागला गेली होती. दाजीच्या घरी पंगत उठल्यावर माणसं पांगली. हौसाबाई मागच्या अंगणात भांडी राखेने घासत होती. विमला जाऊन शेजारी बसली, एक पातेलं ओढून घेतलं. हौसाबाईने ते काढून घेतलं नाही. वर्षभरात ती विमलाशी एक अक्षर बोलली नव्हती.

हात न थांबवता हौसाबाई म्हणाली, "एक सांग माका. दार लावल्यान म्हणान माणूस कसो मरता?"

"काकी..."

"शाळेतल्या मास्तरान चौकशीचो कागद वाचून दाखयल्यान माका. माका काय समाजला नाय. तू सांग."

विमलाने पातेलं खाली ठेवलं. आणि सांगितलं. मुंबईच्या मराठीत नाही, घरच्या बोलीत. हा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. हवेपेक्षा हलका, म्हणून वर चढतो, चुलीच्या धुरासारखा. छपराखाली जाऊन बसतो. दार आणि झडप उघडी असली तर निघून जातो. दार लावलं तर साठत राहतो. मग बारीकशी ठिणगी पुरते. बटणातही असते तेवढी.

हौसाबाई ऐकत होती. हातातली राख तशीच होती.

"झाला?"

"झाला."

"इतक्याच?" हौसाबाई म्हणाली. "इतक्याच होता तर ह्या तेका कळला असता गो."

 तिने विमलापुढचं पातेलं उचललं, पाण्यातून काढलं, उपडं घातलं. मग उरलेली भांडी घासायला घेतली. विमला बसून राहिली. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून शिवा बोलवायला आला, तेव्हा ती उठली.